पाळकीय सेवा आणि समुपदेशनातलं पदव्युत्तर शिक्षण: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पाळकीय समुपदेशनात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या आधाराने केल्या जाणाऱ्या समुपदेशनात, मास्टर्स करायचं ठरलं की बहुतेक जण थेट प्रवेश अर्ज भरायला घेतात. त्याआधी एक गोष्ट नक्की करा. पदवी हातात आल्यावर तुम्ही काम कुठे करणार? मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक म्हणून, रुग्णालयात किंवा तुरुंगात आध्यात्मिक आधार देणारा चॅप्लेन म्हणून, की परवानाधारक समुपदेशक म्हणून? खचलेल्या माणसाजवळ बसणं तिन्हीकडे आहेच, पण तिन्हींची पात्रता वेगळी, कागदपत्रं वेगळी आणि शेवटी मिळणारा दाखलाही वेगळा. अर्ज नामंजूर झाला तर वर्ष जातं. चुकीच्या अभ्यासक्रमाला मंजूर झाला तर दोन-तीन वर्षं जातात.

मंडळीची सेवा करायची असेल तर नेहमीची वाट मास्टर ऑफ डिव्हिनिटीची, म्हणजे एम.डिव्ह.ची. अमेरिका आणि कॅनडातल्या सेमिनऱ्यांना, म्हणजे धर्मज्ञान शिकवणाऱ्या संस्थांना, मान्यता देणाऱ्या असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स या संस्थेच्या निकषांनुसार ही पदवी किमान ७२ सेमिस्टर क्रेडिट्सची, म्हणजे साधारण तीन वर्षांची असते. तिथली एम.ए. मात्र ३६ क्रेडिट्सपासून सुरू होते. दोन्हींना कोणत्याही विषयातली पदवी सहसा चालते. बी.कॉम. झालेल्याने संकोचायचं कारण नाही. भारतातल्या धर्मज्ञान महाविद्यालयांच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर सिनेटसारख्या व्यवस्थेत आधी बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) आणि मग एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) असा क्रम आहे. त्यामुळे तिथे पाळकीय समुपदेशनात एम.टीएच. करायची तर धर्मज्ञानाची पहिली पदवी हातात असावी लागते. नुसत्या मानसशास्त्राच्या एम.ए.वर तिथे काम भागत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ परवान्याचा आहे. ‘ख्रिस्ती समुपदेशन’ असं पदवीवर छापलं म्हणून समुपदेशकाचा परवाना मिळत नाही. परवाना सेमिनरी देत नाही. जिथे कायद्याने तो बंधनकारक आहे, तिथे सरकारी मंडळ देतं आणि ते मंडळ पदवीचं नाव नव्हे, आतले तास मोजतं. अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘काक्रेप’ या संस्थेचा आकडा ६० सेमिस्टर क्रेडिट्सचा आहे. शिवाय १०० तासांचं प्रात्यक्षिक आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप. त्या ६०० पैकी किमान २४० तास थेट माणसांसोबत बसून काढावे लागतात. म्हणून ३६ क्रेडिट्सची पदवी घेऊन दवाखाना थाटायचं स्वप्न असेल तर प्रवेशाआधीच संस्थेला लेखी विचारा: या पदवीवर तुमच्याकडचे विद्यार्थी परवान्याला पात्र ठरतात का, आणि कोणत्या राज्यात किंवा देशात? उत्तर गोलमोल आलं, तर ते ‘नाही’ असंच समजा.

चॅप्लेन व्हायचं असेल तर क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई, हे रुग्णांमध्ये प्रत्यक्ष काम करत घ्यायचं प्रशिक्षण टाळता येत नाही. ही पद्धत १९२५ साली सुरू झाली. अँटन बॉइझन यांनी अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मज्ञानाच्या काही विद्यार्थ्यांना उन्हाळ्यापुरतं रुग्णांमध्ये कामाला लावलं. बॉइझन स्वतः त्याआधी मानसिक आजारामुळे रुग्णालयात राहून आलेले होते. पुस्तकाइतक्याच काळजीने माणूस वाचायला शिकलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आज सीपीईचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. त्यात प्रत्यक्ष भेटी आणि गटातलं शिक्षण दोन्ही आलं. अमेरिकेत बोर्डाचं चॅप्लेन प्रमाणपत्र हवं असेल तर अशी चार युनिट्स, धर्मज्ञानाची पदव्युत्तर पदवी आणि आपल्या संप्रदायाचं अधिकृत समर्थनपत्र लागतं. सेमिनरीत प्रवेश मिळाला म्हणजे सीपीईची जागा मिळाली असं नाही. तिचा अर्ज बहुधा वेगळा आणि मुलाखतही वेगळी. आणखी एक. जुन्या माहितीपत्रकांत अमेरिकन असोसिएशन ऑफ पास्टोरल काउन्सेलर्सचं सदस्यत्व घ्या असं लिहिलेलं दिसेल. ती संस्था २०१९ मध्ये सीपीईला मान्यता देणाऱ्या ‘एसीपीई’ या संस्थेत विलीन झाली, तेव्हा तो पत्ता शोधत बसू नका.

दीक्षित पाळक असण्याची अट बहुतेक अभ्यासक्रमांना नसते. सामान्य विश्वासूही अर्ज करू शकतात. पण काही सेमिनऱ्या स्वतःच्या विश्वासाच्या निवेदनावर सही मागतात. ते निवेदन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मनापासून मान्य नसेल तर दुसरी संस्था बघा. स्त्रियांच्या दीक्षेबद्दल किंवा घटस्फोटितांच्या सेवेबद्दल संस्थेची भूमिका पुष्कळदा तिथेच कळते.

आता कागदपत्रं. पदवी प्रमाणपत्र आणि सर्व वर्षांच्या गुणपत्रिका तर लागतातच. परदेशी संस्था बहुधा विद्यापीठाकडून थेट आलेली ट्रान्सक्रिप्ट मागतात, तुम्ही स्कॅन करून पाठवलेली नव्हे. ती मिळायला वेळ लागतो म्हणून सगळ्यात आधी हेच काम काढा. काही ठिकाणी पदवीचं समकक्षता मूल्यांकन आणि इंग्रजीची परीक्षा लागते. लहान मुलं किंवा रुग्णांजवळ काम असल्यामुळे पोलीस पडताळणीही मागितली जाते. नावाकडे खास लक्ष द्या. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं आणि पासपोर्टवर तिसरं, असं पुष्कळांचं असतं. तिन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलं तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

शिफारसपत्रं साधारण तीन: पाळकाचं, प्राध्यापकाचं आणि जिथे काम किंवा सेवा केली तिथल्या वरिष्ठांचं. पाळक म्हणजे तुमचे वडील किंवा सासरेच असतील तर ते पत्र दुसऱ्या कुणाकडून घ्या. ‘प्रार्थनाशील, नम्र, मंडळीत नियमित’ एवढ्यावर संपणारं पत्र कुणाच्याच उपयोगाचं नसतं. एखाद्या कुटुंबात मृत्यू झाला तेव्हा तुम्ही काय केलं, वाद पेटला तेव्हा कसे वागलात, हे पाहिलेल्या माणसाला विचारा आणि त्याच प्रसंगाबद्दल लिहायला सांगा.

खरा कस लागतो तो लेखनात. पाचारणाबद्दलचा, म्हणजे देवाने या सेवेसाठी कसं बोलावलं याबद्दलचा, निबंध सगळेच मागतात आणि तिथे बहुतेक जण रविवारी मंडळीत देतात तीच साक्ष उतरवून काढतात. सीपीईच्या अर्जात त्याहून अवघड गोष्ट असते. जीवनकथा, श्रद्धेचा प्रवास आणि कामाचा अनुभव यांबरोबरच, तुम्ही कुणाला मदत केली अशा एका प्रसंगाचं सविस्तर वर्णन. इथे यशोगाथा लिहू नका. समजा, तुम्ही खाटेजवळ जाऊन ‘प्रार्थना करू का?’ असं विचारलं आणि पेशंट म्हणाला, ‘आधी ती उशी सरकवा, मग बघू.’ तुम्ही उशी सरकवली, तो डोळे मिटून पडला आणि प्रार्थना राहूनच गेली. हा प्रसंग उत्तम आहे. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहा, तुमचंही. त्या क्षणी अपमान वाटला, हायसं वाटलं की घाई झाली, तेही लिहा. वाचणारा पर्यवेक्षक तुमचं वक्तृत्व तपासत नसतो. स्वतःच्या मनात काय चाललंय ते तुम्हाला दिसतं का, हे तो बघतो. मुलाखतीतही याच प्रसंगावर प्रश्न येतात, म्हणून रचलेली गोष्ट देऊ नका. दुसऱ्या प्रश्नालाच ती उघडी पडते. पेशंटचं नाव, वॉर्ड, ओळख पटेल असा आजार मात्र बदला किंवा गाळा. गोपनीयता मोडलेला मजकूर अर्जातच दिसला तर पुढे वाचायचं कारण उरत नाही.

स्वतःच्या घटस्फोटाबद्दल, व्यसनाबद्दल किंवा नैराश्याबद्दल लिहायचं का, असं बरेच जण विचारतात. लपवू नका, पण अजून वाहत असलेली जखम अर्जात मांडू नका. त्यातून बाहेर यायला कुणाची मदत घेतली, आता आधार कुणाचा आहे, एवढं आलं की पुरे. काही अभ्यासक्रम विद्यार्थ्याने स्वतःही समुपदेशन घ्यावं अशी अट घालतात. तुम्ही आधीच घेत असाल तर तसं लिहायला हरकत नाही, त्याने अर्जाची बाजू पडत नाही.

विद्यार्थी व्हिसा लागणार असेल तर संस्थेचं प्रवेशपत्र आणि खर्च भागेल याचा पुरावा हे दोन्ही आवश्यक. मंडळी खर्च उचलणार असेल तर तोंडी आश्वासन चालत नाही. मंडळीच्या लेटरहेडवर रक्कम आणि वर्षं नमूद केलेलं, जबाबदार पदाधिकाऱ्याच्या सहीचं पत्र घ्या आणि सोबत मंडळीच्या खात्याचा बँक दाखला जोडा.