वारसा यादीत वास्तू घालण्याचा अर्ज: कुठे अडतो आणि का परत येतो

कोकणात जुनी वास्तू पाडायला जेसीबी दारात आला की गाव जागं होतं. दोन-तीनशे सह्या गोळा होतात, निवेदन थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात दिलं जातं, फोटो निघतो. तिथून ते ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन नगरपरिषदेत येतं आणि फाईलला लागतं. त्यात जागेचा सिटी सर्व्हे नंबर नसतो आणि नेमकं काय करून हवंय तेही नसतं. सह्यांनी दबाव येतो हे खरं, पण नोंद नंबरावर होते.

आधी दार बरोबर निवडा. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी, राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं येतात. जंजिरा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग त्यातले. राज्याच्या 1960 च्या तशाच कायद्याचं काम पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय बघतं आणि त्याचं विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे. थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान ही राज्य संरक्षित स्मारकं. आपली जुनी शाळा, वाचनालय, कचेरी किंवा चौसोपी वाडा सहसा या दोन्हींत बसत नाही. अशा वास्तूंसाठी तिसरं दार आहे: 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतली वारसा यादी. तिच्यात महत्त्वानुसार श्रेणी 1, 2 आणि 3 असतात. अर्ज नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि प्रत नगररचना कार्यालयाला. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर सरपंचांना निवेदन देऊन थांबू नका. तिथे प्रादेशिक योजना लागू असते, त्यामुळे जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय यांनाच लिहावं लागतं. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा. तो आधार म्हणून चालतो, मंजुरी म्हणून नाही.

वास्तू सुचवायला मालकाची संमती लागत नाही. पण हरकती-सूचनांच्या टप्प्यावर त्याचं म्हणणं ऐकलं जातं, म्हणून त्याला अंधारात ठेवू नका. वारसा वास्तूच्या मालकाला टीडीआर, म्हणजे तिथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला, मिळू शकतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. छोट्या गावात तो विकला जाणं अवघड, हेही त्याला खरं ते सांगा.

आता कागद. पहिला अडथळा मिळकत पत्रिकेचा, म्हणजे प्रॉपर्टी कार्डाचा. शहरात ती भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा ऑनलाइन मिळते. कोकणातल्या कितीतरी गावठाणांत मात्र सिटी सर्व्हे झालेलाच नव्हता. तिथे स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीची सनद आली आहे का ते आधी बघा. नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, घर क्रमांक आणि चतुःसीमा लिहून द्या. ‘बाजारपेठेतील जुनी इमारत’ एवढ्यावर कुठलाही लिपिक नोंद घेणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

दुसरा अडथळा वयाचा पुरावा. बांधकाम परवानगीचा कागद मागतात, आणि तो तर कोणाकडेच नसतो. शंभर वर्षांपूर्वी कोण देत होतं? त्याऐवजी जुन्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवह्या, सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही, दुय्यम निबंधकाकडचं जुनं खरेदीखत किंवा गहाणखत आणि सार्वजनिक इमारत असेल तर 1880 चं रत्नागिरी-सावंतवाडीचं किंवा 1883 चं कुलाबा-जंजिऱ्याचं गॅझेटियर बघा. यांतले दोन पुरावे एकमेकांशी जुळले की काम होतं.

कौलांच्या बाबतीत मात्र सावध. कौल उलटं केलं, बासेल मिशनचं नाव आणि 1865 आकडा दिसला, की तोच फोटो पुरावा म्हणून जोडला जातो. 1865 हे बासेल मिशनच्या मंगळूरच्या कौल कारखान्याच्या सुरुवातीचं साल आहे. ते कौल त्यानंतर कितीतरी वर्षांनी भाजलेलं असू शकतं. शिवाय छप्पर परतताना कौलं बदलतात. त्यावरून भिंतीचं वय ठरत नाही, आणि समोरचा वकील हे पहिल्याच सुनावणीत दाखवून देतो. मग बाकीचे खरे पुरावेही संशयात येतात.

वर्णनात ‘भव्य’, ‘पुरातन’, ‘ऐतिहासिक’ लिहून पानं भरू नका. जांभ्याचे चिरे कशात बसवलेत, चुन्यात की मातीत. तुळया कुठल्या लाकडाच्या. ओटी, पडवी, माजघर मूळ जागी आहेत का. नंतर काय बदललं, हे लिहा. चारही बाजूंचे तारखेसह फोटो आणि हाताने काढलेला का होईना, पण मापांचा आराखडा जोडा.

मुदतीत सगळ्यात जास्त माणसं फसतात. मंजूर विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम 37 ची नोटीस निघते आणि हरकतींना एक महिना असतो. तो नोटिशीच्या तारखेपासून मोजतात, आपल्याला व्हॉट्सॲपवर कळलं त्या दिवसापासून नाही. शेवटच्या दिवशी पोस्टात टाकू नका. हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज चालू असताना खरा घात करते ती धोकादायक इमारतीची नोटीस. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 195 खाली ती निघते आणि सोबत सी-1 म्हणजे पाडण्यायोग्य असा शिक्का असतो. लगेच संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा आणि चाचण्या कुठल्या केल्या ते वाचा. रिबाउंड हॅमर, हाफ सेल पोटेन्शियल या काँक्रीट आणि सळीच्या चाचण्या आहेत. जांभा, चुना आणि सागवानी तुळयांच्या इमारतीत सळीच नसते, तर गंज कुणाचा मोजला? नेमकी हीच हरकत लेखी घ्या आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरी तपासणी मागा.

जिल्हा परिषदेची शाळा किंवा सरकारी कचेरी असेल तर शब्द बदलतो: ‘निर्लेखन’, म्हणजे इमारत निकामी ठरवून दप्तरातून काढून टाकणं. हा ठराव मंजूर झाला की पुढे लिलाव आणि पाडकाम भराभर होतं. म्हणून सभांच्या विषयपत्रिकांवर नजर ठेवा. कागद मागवायला माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करा. एकच विषय, 150 शब्दांच्या आत. पाच पानी अर्ज परत येतात. उत्तराला 30 दिवस लागू शकतात, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी.

समुद्रकाठच्या वास्तूसाठी आणखी एक आधार आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, 2019 च्या अधिसूचनेत पुरातत्त्वीय महत्त्वाच्या वास्तू आणि वारसा स्थळं सीआरझेड-1अ या सगळ्यात संवेदनशील गटात धरली आहेत. किनारा व्यवस्थापन नकाशात आपली वास्तू तशी दाखवली आहे का ते तपासा.

कोर्टात जायची वेळ आली तर रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे; रायगडवाल्यांना मुंबईच.

सुनावणी पावसाळ्यानंतर लागणार असेल तर छपरावर ताडपत्री आणि भिंतींना टेकू लावण्याच्या परवानगीचा वेगळा अर्ज मे महिन्यातच द्या. मातीत बांधलेली भिंत एक पावसाळा उघडी राहिली की ऑक्टोबरात सी-1 चा शिक्का खरा ठरलेला असतो.