जोनचं चिलखत आणि वीस नाड्या

मध्ययुगीन युरोपातली चिलखत घातलेली बाई म्हटली की डोळ्यांसमोर येतो छातीला उभारांचा आकार दिलेला, कमरेत आवळलेला पोलादी पत्रा. व्हिडिओ गेममध्ये तो शोभतो. लढाईत जिवावर बेतेल, कारण दोन उभारांमधल्या खाचेत आलेला वार बाजूला न निसटता छातीच्या हाडाकडेच वळेल. खरं तर पंधराव्या शतकातल्या पुरुषांच्या छातीवरचा पत्राही वार घसरावा म्हणून फुगीरच घडवलेला असे. आत जाड अस्तराचा अंगरखा असे. एवढ्या जागेत बाईचं शरीर सहज मावतं.

चिलखत घालून लढणाऱ्या बायकांची नावं इतिहासात आहेत. 1081 साली दुर्राच्चोच्या लढाईत सिकेलगाइता ही इटलीतली लाँबार्ड राजकन्या आपल्या नवऱ्याच्या पळणाऱ्या नॉर्मन सैनिकांना मागे फिरवत होती. 1342 मध्ये ब्रिटनीतल्या एनबाँचा वेढा जान द माँफोर हिने झुंजवला. पण दोघीही सरदार घराण्यातल्या. लोहारकाम, घोडे, नोकर सगळं हाताशी. फ्रान्सच्या राजासाठी इंग्रजांशी लढणाऱ्या जोन ऑफ आर्कचं तसं नव्हतं. शेतकऱ्याच्या मुलीचं चिलखत राजाच्या खजिन्यातूनच यायला हवं होतं, म्हणून त्याची नोंद राहिली. 1429 च्या वसंतात तूर शहरातल्या एका उस्ताद चिलखतकाराला तिच्या संपूर्ण चिलखतापोटी 100 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले गेले. त्याचं नाव हिशेबनिसाने लिहिलंच नाही. तिचा झेंडा रंगवणाऱ्या चित्रकाराला मात्र नावासकट 25 लिव्र मिळाले!

या चिलखताला समकालीन लोक ‘पांढरं’ म्हणत. म्हणजे वर कापड न चढवलेलं, घासूनपुसून लखलखीत केलेलं पोलाद. त्याने सगळे वार अडवले असं मात्र नाही. 7 मे रोजी ऑर्लेआँला मान आणि खांद्याच्या मध्ये बाण घुसला. जूनमध्ये जार्जोला तटावरून आलेला दगड तिच्या शिरस्त्राणावर आदळून फुटला आणि ती उठून पुन्हा शिडीकडे गेली. सप्टेंबरमध्ये पॅरिसपुढे मांडीत बाण बसला. त्यानंतर जखमी शिपायांच्या रिवाजाप्रमाणे तिने एक पांढरं चिलखत पॅरिसजवळच्या सां-दनीच्या मठात वाहिलं. पुढच्या वर्षी काँपियेनला ती पकडली गेली तेव्हा इंग्रजांच्या बाजूच्या बर्गंडियन धनुर्धाऱ्याच्या हाती पोलाद नाही, चिलखतावरच्या जरीच्या झग्याचा काठ लागला. त्याला धरूनच त्याने तिला घोड्यावरून खेचलं.

इंग्रजांच्या ताब्यातल्या रुआँ शहरात तिच्यावर खटला चालला, तिथल्या धर्मन्यायालयाला तिच्या वेशावर बोट ठेवायचं होतं. आरोपपत्रात सदरा, विजार, तंग पायमोजे असा एकेक कपडा मोजलेला आहे, आणि ते पायमोजे अंगरख्याला वीस नाड्यांनी बांधलेले होते हेसुद्धा. आपल्या बाराबंदीसारखीच ही बांधाबांध, फक्त इथे ती कमरेशी होते. न्यायाधीशांना यात पाप दिसलं. चिलखतकाराच्या नजरेने पाहिलं तर त्यात साधी गरज दिसते: पायांचे पत्रे खांद्यावर आणि कमरेवर तोलले जावेत म्हणून अंगालगत बसणारा अंगरखा लागतो आणि त्याला बांधायच्या नाड्या. घागऱ्यावर पायांचे पत्रे चढवताच येत नाहीत.

तुरुंगात तर चिलखत नव्हतंच, तरी ती त्याच वेशात राहिली. न्यायालयापुढे चूक कबूल केल्यावर काही दिवस बायकी कपडे घातले, मग पुन्हा पुरुषी, आणि या कारणानेही ‘पुन्हा पतित’ ठरवून 30 मे 1431 रोजी तिला जाळलं. 1450 च्या दशकात फेरचौकशी झाली तेव्हा मूळ खटल्याचा लेखनिक गिय्योम माँशों याने सांगितलं, की इंग्रज पहारेकऱ्यांच्या अतिप्रसंगाच्या भीतीने ती ते कपडे सोडत नव्हती. घट्ट आवळलेल्या नाड्या पटकन सुटत नसत.