संपाचा हक्क, शासकीय कर्मचाऱ्यांचा

शासनाच्या थेट सेवेतील कर्मचाऱ्यांना सामुदायिकपणे काम बंद ठेवण्याचा हक्क आहे काय, यासंबंधीचा भारतातील राजकीय व न्यायिक वाद. त्याला धार आली ती सामान्यतः जुलै १९६०च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपापासून मानली जाते. हा संप सरकारने वटहुकूम काढून मोडला. मूळ प्रश्न मात्र संविधानाइतका जुना आहे. अनुच्छेद १९ (१) (ग) संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य देतो, संपाचा उल्लेख करीत नाही.

१९६१-६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन प्रकरणे निकाली काढली. बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, संघटनेच्या हक्कात संपाचा हक्क अनुस्यूत नाही, असे ठरले. बिहारच्या शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या वर्तणूक नियमांतील ४-अ हा नियम निदर्शने व संप या दोहोंना एकाच वाक्यात मनाई करीत होता. कामेश्वर प्रसाद खटल्यात न्यायालयाने हे वाक्य जणू मधोमध कापले: निदर्शनांवरील सरसकट बंदी रद्द, संपावरील कायम. मुंबईच्या लेखापरीक्षण खात्यातून गेलेल्या घोष विरुद्ध जोसेफ प्रकरणात मान्यता नसलेल्या संघटनेचे सदस्यत्व निषिद्ध ठरवणारा केंद्राचा नियम ४-ब अवैध ठरला. म्हणजे संघटना करता येते, काळ्या फिती लावून घोषणा देता येतात, संपाला मात्र मूलभूत हक्काचे संरक्षण नाही.

२००३ मध्ये तामिळनाडूत जयललिता सरकारने संपकऱ्यांना लाखाच्या घरात बडतर्फ केले. त्यावरील सर्वोच्च न्यायालयाच्या रंगराजन निकालात, संपाचा मूलभूत वा वैधानिक हक्क तर नाहीच, नैतिक हक्कही नाही, असे म्हटले गेले. शेवटचे विधान निर्णयास आवश्यक नव्हते, ही टीका अधिक ग्राह्य वाटते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८७ व ९८ क्रमांकांच्या करारांना भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही, याकडेही टीकाकार बोट दाखवितात. शासनाची बाजू अत्यावश्यक सेवा, जनतेची गैरसोय आणि अनुच्छेद ३११ने दिलेली नोकरीची सुरक्षा यांवर उभी असते. पक्षांची भूमिका बहुधा ते सत्तेत आहेत की विरोधात, यावर ठरते.

महाराष्ट्रात १९७७-७८चा ५४ दिवसांचा संप हा मानदंड ठरला. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील त्या संपाची मुख्य मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची होती. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना कर्मचारी व शासन या दोघांच्या वर्गणीवर चालणारी नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाल्यावर वाद निवृत्तिवेतनाकडे वळला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ या घोषणेसह १४ मार्च २०२३ रोजी राज्यव्यापी संप सुरू झाला. त्याच सुमारास विधिमंडळाने अत्यावश्यक सेवांतील संपाला मनाई करता येणारे मेस्मा विधेयक संमत केले. संप २० मार्चला मागे घेण्यात आला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. संपबंदीचा वर्तणूक नियम त्या वाटाघाटींचा विषय नव्हता.

एसटीसारख्या महामंडळांच्या कामगारांना औद्योगिक कायदे लागू असल्याने त्यांच्या संपाची वैधता वेगळ्या निकषांवर ठरते.