पहिल्याच भेटीत सगळं सांगावं लागत नाही

समुपदेशकाकडे गेलं की पहिल्याच दिवशी मनातलं सगळं उघड करावं लागतं, हा समज जुना आहे आणि त्यापायी कितीतरी जण जायचंच टाळतात. वाईट वाटतं, कारण तसं मुळीच नसतं. पहिली भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची. तिचा बराच वेळ ओळखीतच जातो: कशामुळे आलात, झोप-भूक कशी आहे, आधी काही उपचार घेतलेत का. एखाद्या प्रश्नाला ‘आज नको’ म्हणता येतं, आणि चांगला समुपदेशक तिथे थांबतो. गोपनीयतेच्या मर्यादा मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या. जिवाला धोका दिसला, तर इतरांना कळवावं लागू शकतं. काही भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर समुपदेशक बदलता येतो. त्यासाठी कारण द्यायचीही सक्ती नसते.