फिशरमन्स व्हार्फ की फेरी बिल्डिंग? सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जेवायचं कुठे

सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे, मुलाकडे आलेल्या पाहुण्यांच्या बोलण्यात ही दोन नावं हमखास एकमेकांत मिसळतात. दोन्ही जागा एकाच किनाऱ्यावर आहेत आणि एम्बार्काडेरो रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायला दोन-अडीच किलोमीटरच पडतात. शिवाय नावंही फसवी आहेत. ‘फिशरमन्स’ म्हटलं की उत्तम मासे तिथेच मिळणार असं वाटतं आणि ‘फेरी’ म्हटलं की तिथे फक्त बोट पकडायची. जेवणाच्या बाबतीत बरेचदा उलटंच घडतं.

व्हार्फ हे खरंखुरं मासेमारीचं बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात इटलीहून आलेल्या कोळ्यांनी ते उभं केलं. विकल्या न गेलेल्या मासळीचा टोमॅटो घालून केलेला चोपीनो हा रस्सा त्यांचाच. आजही पिअर ४५ च्या (पिअर म्हणजे पाण्यात शिरलेला धक्का) आसपास मासळी उतरते. पण पर्यटकांची गर्दी असते ती त्याच्या शेजारच्या पिअर ३९ वर, आणि त्याचा मासेमारीशी संबंध नाही. १९७८ मध्ये दुकानं आणि करमणुकीसाठीच तो नव्याने बांधला. तिथले सी लायन जरूर बघा, मुलांना तर तिथून हलावंसं वाटत नाही. जेवायला मात्र मी तिथे थांबणार नाही. रोज नवं गिऱ्हाईक येतं, ते परत येईल अशी कुणाला अपेक्षा नसते, आणि ते ताटात दिसतं.

मग व्हार्फवर खायचं काय? डंजनेस खेकडा, तोही हंगामात. व्यापारी मासेमारीचा मुहूर्त परंपरेने नोव्हेंबरच्या मध्यावर असतो. अलीकडे देवमासे खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोरखंडांत अडकू नयेत म्हणून तो अनेकदा पुढे ढकलला जातो. पकडायचे ते फक्त नर, आणि कवच सव्वासहा इंचांहून लहान असलं तर परत पाण्यात. त्यामुळे हाती येतो तो भरलेला, गोडसर मांसाचा ऐवज. चिंबोरी फोडायची सवय असलेल्याला नांगीची भीती नाहीच. हंगामात बोटीवरून थेट विक्री होते, तिथून खेकडा घेऊन घरी उकडावा यासारखं सुख नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र समोर येणारा खेकडा बहुधा गोठवलेला किंवा उत्तरेकडून आणलेला असतो, त्यासाठी रांग लावू नका.

पावाच्या वाटीतलं क्लॅम चावडर, म्हणजे तिसऱ्यांचं दाट सूप, इथली ओळख बनलंय, पण ते मूळचं पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू इंग्लंडचं. त्यात तिसऱ्यांबरोबर बरेचदा बेकनही असतं. डुकराचं मांस खात नसाल तर आधी विचारा. वाटीचा पाव मात्र अस्सल इथला. या सावरडो पावाला आंबटपणा देणाऱ्या एका जिवाणूच्या शास्त्रीय नावातच या शहराचं नाव आहे.

आता फेरी बिल्डिंग. मार्केट स्ट्रीट संपते तिथली घड्याळाच्या मनोऱ्याची १८९८ ची इमारत. खाडीवर पूल नव्हते तेव्हा रोज हजारो लोक इथूनच शहरात शिरत. १९३६-३७ मध्ये बे ब्रिज आणि गोल्डन गेट झाले आणि तिची रया गेली. पुढे तिच्या तोंडासमोरच दुमजली उड्डाणरस्ता उभा केला. १९८९ च्या भूकंपाने तो खिळखिळा झाला, १९९१ मध्ये पाडला, आणि ही इमारत पुन्हा दिसू लागली. २००३ मध्ये तळमजल्यावर खाद्यबाजार सुरू झाला.

फरक पडतो तो गिऱ्हाइकामुळे. पर्यटक इथेही असतात, पण जवळच्या कचेऱ्यांतले लोक, बोटीने घरी जाणारे लोक पुन्हा पुन्हा येतात. वाईट खाऊ घालून इथे टिकता येत नाही. हॉग आयलंड या इथल्या दुकानाची कालवं टोमालेस खाडीतल्या त्यांच्याच शेतीतून येतात. ॲक्मे बेकरीचा पाव घ्या, बाहेर बाकावर बसा, समोर बे ब्रिज. शनिवारी सकाळी आठ ते दोन शेतकऱ्यांचा मोठा बाजार भरतो (मंगळवारी आणि गुरुवारी छोटा). उन्हाळ्यात तिथले पीच चाखून बघा. शाकाहारी माणसाला या किनाऱ्यावर याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. स्वस्त नाही, पण व्हार्फही स्वस्त नाही.

रस्ता चुकू नये म्हणून एक खूण. पिअरचे आकडे फेरी बिल्डिंगपासून दोन्हीकडे वाढत जातात, उत्तरेला विषम आणि दक्षिणेला सम. म्हणून पिअर ४० हा ३९ च्या शेजारी नाही, तो पार दुसऱ्या टोकाला, बेसबॉलच्या मैदानाजवळ आहे. मार्केट स्ट्रीटवरून मनोऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात तर व्हार्फ डाव्या हाताला. तिथपर्यंत एफ लाइनच्या जुन्या ट्रामही जातात. शनिवार असेल तर सकाळी इथे पोटभर खा आणि मग ट्रामने सी लायन बघायला जा.