नक्षीदार चौकटीच्या खिडकीला पडदा निवडताना

दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी कापडाच्या ठाणांकडे वळतं. भिंत साधी, खिडकी साधी असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण खिडकीभोवती सागवानी कोरीव चौकट असेल, ग्रॅनाइटची गोल कडेची पट्टी असेल, महिरप असेल किंवा वर पीओपीचं कॉर्निस (छताजवळची नक्षीदार पट्टी) असेल, तर कापड शेवटी बघा. आधी ठरवायचं ते एवढंच की दिवसा पडदा उघडल्यावर चौकट पूर्ण मोकळी दिसायला हवी, की थोडी झाकली तरी चालेल. त्यावर रॉडची जागा ठरते. रॉडवरून रुंदी, रुंदीवरून पन्हे (कापडाचे उभे पट्टे), आणि पन्ह्यांवरून तुमचं बिल. हे पत्रक त्या क्रमानेच लिहिलं आहे.

चौकटीच्या आत, की बाहेर?

आत बसवायचं म्हणजे पाइपावर गुंडाळणारं रोलर किंवा घड्या पडत वर जाणारं रोमन ब्लाइंड. चौकटीची नक्षी चोवीस तास उघडी राहते, म्हणून कोरीव कामाला आमची पहिली पसंती हीच. मात्र त्यासाठी चौकटीच्या आतल्या बाजूला दोन-अडीच इंच सपाट खोली लागते. बऱ्याच चौकटींना आतून उतार किंवा गलथा (खाच) असतो आणि ब्रॅकेटला टेकायला जागाच मिळत नाही. दुसरं म्हणजे झडपा. जुन्या घरांतल्या झडपा आत उघडत असतील तर आतलं ब्लाइंड विसरा, रोज झडप त्यावर आपटेल.

आतलं माप घेताना स्टीलची टेप वापरा, शिंप्याची नको. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा लिहा. मग दोन्ही कर्ण मोजा. त्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर चौकट काटकोनात नाही आणि सरळ ब्लाइंड तिथे वाकडंच दिसणार. लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्यामुळे उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं ब्लाइंड ऑगस्टमध्ये घासायला लागतं. दोन्ही बाजूंना पाव इंच सोडायचं ते आमच्यावर सोपवा, तुम्ही मापातून काही वजा करू नका. दोघांनीही वजा केलं की ब्लाइंड तोकडं येतं.

रोलरचं कापड त्याच्या पाइपाच्या ब्रॅकेटपेक्षा अरुंद असतं, म्हणून दोन्ही कडांनी उजेडाची रेघ आत येतेच. बेडरूममध्ये मिट्ट काळोख हवा असेल तर आतलं ब्लाइंड एकटं पुरणार नाही. रोमन ब्लाइंड वर ओढलं की घड्यांचा आठ-दहा इंचांचा गठ्ठा वर साचतो. चार फुटांच्या खिडकीत तेवढी काच गेली असं धरून चाला.

आता बाहेरचा पडदा

इथे चुका सर्वांत जास्त होतात, आणि त्या सगळ्या मापाच्या. समजा काचेची जागा ४८ इंच आहे आणि दोन्ही बाजूंना ४ इंचांची कोरीव पट्टी आहे. म्हणजे चौकट बाहेरून ५६ इंच. रॉड ५६ इंचांचा घेतलात तर पडदा उघडल्यावर त्याचा गठ्ठा बरोबर नक्षीवर येऊन बसतो, आणि ज्या कामासाठी सुताराला पैसे मोजले तेच झाकलं जातं. मध्यम जाडीच्या कापडाचा एका बाजूचा गठ्ठा साधारण १० इंच होतो, अस्तर लावलं तर आणखी. म्हणून दोन्हीकडे १० इंच जास्त, रॉड ७६ इंचांचा. एवढ्या लांबीला मध्ये एक ब्रॅकेट लागतोच, नाहीतर दोन वर्षांत रॉड झोका घेतो. अर्थात दोन्ही बाजूंना तेवढी भिंत असायला हवी. एका बाजूला कपाट असेल तर एकच पडदा करून तो मोकळ्या बाजूला सारायचा. जोडीचा हट्ट धरू नका.

आता कापड. पडद्याला रॉडच्या दुप्पट तरी कापड हवं, म्हणजे १५२ इंच. ४८ इंची पन्हा शिवल्यावर ४६ इंच मिळतो. तीन पन्हे कमी पडतात, म्हणून चार, प्रत्येक बाजूला दोन. लांबी ७ फूट असेल तर वरच्या-खालच्या दुमडीसकट एका पन्ह्याला ९६ इंच, चार पन्ह्यांना पावणेदहा मीटर. मोठ्या फुलांचं कापड घेतलंत तर डिझाइन जुळवायला प्रत्येक पन्ह्यामागे जास्तीचं कापड जातं. कोरीव चौकटीशेजारी मोठी फुलं आम्ही तरी सुचवत नाही. दोन नक्ष्या एकमेकींशी भांडतात. साधं विणीचं सुती, लिनन किंवा जाड खादी लाकडाला शोभते. सुती कापड आटतं, म्हणून आम्ही ते धुऊन मगच कापतो. याला दोन-तीन दिवस जास्त लागतात, सणाच्या तोंडावर आलात तर हे लक्षात ठेवा.

चौकट भिंतीच्या किती पुढे आली आहे तेही मोजा. पट्टी दीड इंच पुढे आणि ब्रॅकेट तीन इंचांचा असेल तर पडद्याच्या चुण्या पट्टीला घासत राहतात, पॉलिश उडतं आणि कापडाला तेलकट रेघ पडते. अशा वेळी लांब ब्रॅकेट घ्या किंवा ब्रॅकेटमागे लाकडी गुटका लावा. गुटका भिंतीच्या रंगात रंगवला की कुणाच्या लक्षातही येत नाही.

भोक कुठे पाडायचं

कोरीव लाकडात आम्ही भोक पाडत नाही, ग्रॅनाइटच्या कडेलाही नाही, तिथे टवका उडतो. रॉड भिंतीवर येतो. खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटेल (आडवी तुळई) असते, तिला हॅमर ड्रिल लागतं, साधं ड्रिल नुसतं गरम होतं. पीओपीच्या कॉर्निसमध्ये स्क्रू टिकत नाही, वजन पेलायला तो मागच्या स्लॅबपर्यंत किंवा भिंतीपर्यंत पोचावा लागतो. चौकट आणि कॉर्निस यांच्यात सहा इंचांहून कमी जागा असेल तर रॉड कॉर्निसला चिकटून वर घ्या. खिडकी उंच दिसते आणि पट्टीही सुटी राहते.

वाड्यांच्या चुन्याच्या किंवा मातीच्या भिंती हा वेगळाच विषय. तिथे प्लग फिरत राहतो. चौकटीच्या वर भिंतीवर आडवी सागवानी पट्टी चार-पाच लांब स्क्रूंनी बसवायची आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर, हाच टिकाऊ उपाय. भाड्याचं घर असेल किंवा भोकच नको असेल, तर खालच्या झडपांपुरता अर्धा पडदा दोन्ही कडांमध्ये ताणून बसणाऱ्या स्प्रिंगच्या रॉडवर लावता येतो. त्याच्या रबरी टोकांचे डाग पॉलिशवर पडतात, म्हणून मध्ये नमद्याचा तुकडा घाला.

महिरपी खिडकीत वरची कमान मोकळी ठेवा आणि जिथून कमान सुरू होते तिथे रॉड घ्या, विशेषतः वर रंगीत काचा असतील तर. पश्चिमेची खिडकी असेल आणि संध्याकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येत असेल, तर कमानीच्याही वर रॉड लावून संपूर्ण झाकणारा शिअर (झिरझिरीत) पडदा बरा. कमानीच्या आकाराचं ब्लाइंड आम्ही शिवून देतो, पण ते वर सरकत नाही, हे आधीच सांगतो.

झेब्रा ब्लाइंड (जाड आणि झिरझिरीत आडवे पट्टे आलटूनपालटून असलेलं) हल्ली सगळ्यांना हवं असतं. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला ते छान दिसतं. जुन्या कोरीव चौकटीत आम्हाला ते ऑफिससारखं वाटतं, बाकी तुमची मर्जी. कोकणातल्या घरांत मखमल आणि ज्यूट टाळा, दमट हवेत बुरशी धरते. लहान मूल असलेल्या घरात दोरीविरहित ब्लाइंड मागा. दोरी किंवा साखळी असलीच तर ती भिंतीला ताणून पक्की केलेली असायला हवी, लोंबती दोरी मुलाच्या गळ्यात अडकू शकते. पलंग आणि सोफाही खिडकीपासून लांब ठेवा.

माप घ्यायला आमचा माणूस येईल तेव्हा झडपा उघडता येतील एवढी जागा रिकामी ठेवा. चौकटीला पॉलिश किंवा घराला रंग करायचा असेल तर तो आधी उरकून घ्या आणि पूर्ण वाळल्यावर आम्हाला फोन करा, कारण ओल्या पॉलिशला चिकटलेल्या कापडाचा डाग धुऊन निघत नाही.