विकिपीडियाची सर्व्हर यंत्रणा

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचे काम एका सर्व्हरवर भागत होते. वाचक वाढत गेले तशी यंत्रे अपुरी पडू लागली आणि २००३च्या अखेरीस नव्या सर्व्हरसाठी वाचकांकडेच वर्गणी मागावी लागली. २००४पासून ही यंत्रे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, टँपा येथे होती. आज विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची मुख्य डेटा सेंटरे दोन आहेत: व्हर्जिनियातील अ‍ॅशबर्न आणि टेक्सासमधील कॅरोल्टन.

गर्दीच्या संकेतस्थळाला अवाढव्य ताकदीचा संगणक लागतो, हा समज चुकीचा आहे. विकिपीडियाचा बहुतेक भार कॅशे सर्व्हर, म्हणजे तयार पाने साठवून तीच पुन्हा पुन्हा देणारी यंत्रे, उचलतात. लेख विकिसंहितेत, म्हणजे मजकूर आणि मांडणीच्या खुणांच्या रूपात, लिहिलेला असतो. साचे (अनेक लेखांत वापरायचे तयार तुकडे) उलगडून त्याचे पान बनवायला प्रोसेसरला बरेच कष्ट पडतात. म्हणून एकदा बनलेले पान जपून ठेवतात आणि पुढच्या हजारो वाचकांना तेच देतात. अशा सर्व्हरला मुख्यतः भरपूर रॅम आणि वेगवान एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) हवी. पाने बनवणाऱ्या सर्व्हरला प्रोसेसरचे गाभे (कोर) जास्त लागतात, तर डेटाबेसच्या सर्व्हरला रॅम आणि गाभे या दोन्हींखेरीज भरवशाच्या डिस्क. लॉग-इन केलेल्या सदस्याला मात्र तयार पान चालत नाही, कारण ते त्याच्या पसंतीनुसार दाखवावे लागते. त्यामुळे हजार वाचकांपेक्षा शंभर संपादक यंत्रणेला जड जाऊ शकतात. सर्व्हर खरेदीचा अंदाज नुसत्या भेटींच्या आकड्यावर बांधणे म्हणूनच फसवे ठरते.

याचा कस २५ जून २००९ रोजी लागला. मायकेल जॅक्सनच्या निधनाची बातमी पसरताच जगभरातून लोक त्याच्या लेखावर आले, आणि त्याच वेळी संपादकही तो लेख सतत बदलत होते. प्रत्येक बदलासरशी कॅशेमधले पान शिळे होई. लेख लांबलचक असल्याने नवे पान बनायला वेळ लागे, आणि तेवढ्यात आलेली प्रत्येक मागणी तेच पान पुन्हा स्वतंत्रपणे बनवायला घेई. एकाच कामात असंख्य प्रोसेसर अडकले आणि बाकीचे लेखही मिळेनासे झाले. आणखी यंत्रे जोडून हे दुखणे बरे होणारे नव्हते. त्यावर ‘पूलकाउंटर’ नावाची व्यवस्था आली: पान बनवायचे काम मोजक्याच प्रक्रियांनी करायचे, बाकीच्यांनी थांबायचे किंवा जुनी प्रत द्यायची. हार्डवेअर वाचवणारी याहून नेटकी युक्ती क्वचितच सापडेल.

विजेचा धडा त्याआधीच, फेब्रुवारी २००५ मध्ये मिळाला होता. टँपाच्या केंद्रात सर्किट ब्रेकर पडले, सर्व्हर एकदम बंद झाले आणि डेटाबेसच्या प्रती बिघडल्या. डिस्क किंवा तिचा कंट्रोलर (डिस्कचे काम हाकणारा भाग) ‘लिहून झाले’ असे कळवतो, तेव्हा मजकूर कधीकधी तात्पुरत्या स्मृतीतच असतो. त्या क्षणी वीज गेली की तो हरवतो. कंट्रोलरला बॅटरी, प्रत्येक सर्व्हरला वेगवेगळ्या वीजमार्गांवरचे दोन पॉवर सप्लाय, शिवाय यूपीएस आणि जनरेटर हा खर्च म्हणूनच चैनीचा नाही. पण सगळ्या प्रती एकाच इमारतीत असतील तर एवढ्यानेही भागत नाही. दुसरे केंद्र हवेच.

वाचकाजवळ तयार पाने ठेवण्यासाठी ॲमस्टरडॅम, सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर, मार्सेय आणि साओ पाउलो येथे कॅशे केंद्रे आहेत. सिंगापूरचे केंद्र २०१८ मध्ये सुरू झाले आणि आशियातील वाचकांचा अमेरिकेपर्यंतचा हेलपाटा बराच वाचला. संपादन जतन करायला मात्र मुख्य केंद्र गाठावेच लागते.

वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, सगळा कारभार एका मुख्य केंद्रातून दुसऱ्यात मुद्दाम हलवला जातो. अडीअडचणीला दुसरे केंद्र खरोखर भार पेलेल का, याची ही तालीम असते. तेवढी काही मिनिटे १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासह सर्व विकी फक्त वाचता येतात, आणि तशी सूचना संपादकांना आधीच दिलेली असते.